लाल झालं का?

"डावीकडची कशी आहे?" ढवळेमामांनी फोनला तोंड लावून, आवाज जमेल तेवढा दाबून विचारलं.

"तुमच्या डावीकडची की फोटोतल्या डावीकडची?" पलीकडून मामी म्हणाल्या. मागे भांडी वाजत होती.

"दोन्ही एकच ना!"

"एकच कशी? परवा तुम्ही नळ्यांच्या मागं जाऊन फोटो काढलात आणि मी उजवीला डावी म्हणून बसले. थोडक्यात वाचलो आपण."

"आज पुढूनच काढलाय. सांग लवकर, पंपवाला येतोय."

"थांबा, बघू तरी द्या. डावीकडची विटकरी. मधली नुसती लाजलीय. आणि उजवीकडची..." मामी जरा थांबल्या. "उजवीकडची पेटलीय. काढून घ्या."

मामांनी फोन खिशात टाकला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात हुकूम सोडला, "उजवीकडची तयार आहे रे! सोड खाली!"

पंपवाल्याने मान वर करून नळीकडे पाहिलं. काचेच्या उंच नळीत वरपासून खालपर्यंत लालभडक पाणी उन्हात उभं होतं. त्याने कॉक फिरवला आणि नळी खाली टबात रिकामी होऊ लागली.

"मामा, तुमची नजर म्हणजे नजर," तो म्हणाला. "एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही."

मामांनी घसा खाकरला आणि आभाळाकडे पाहिलं. आभाळ निळं होतं. एवढं त्यांना दिसत होतं.

आता गंमत अशी, की ज्या माणसाच्या एका शब्दावर हे अंगण चालायचं, त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक जन्मात कधी कळलेला नव्हता. निळा दिसे, पिवळा दिसे, पण लाल आणि हिरवा म्हटलं की त्यांच्या लेखी एकच मातकट प्रकार. रस्त्यावरच्या सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबायचं आणि खालचा लागला की निघायचं, एवढ्या ज्ञानावर त्यांचं साठीच्या घरात आलेलं आयुष्य सुखरूप पार पडलं होतं. आणि त्याच माणसाचं काम आता रोज सकाळी एवढंच होतं, की हिरवं पाणी लाल झालं का ते सांगायचं.

कारखाना रंगाचा होता, पण रंग तिथे बनवत नसत, पिकवत. डोळ्याला सुटं दिसणारही नाही असं बारीक शेवाळ पाण्यात वाढवायचं आणि त्याच्यातून रंग काढायचा. तो मग गोळ्या-औषधांत जायचा, खाण्याच्या जिनसांत जायचा, पाळलेल्या माशांच्या खाद्यात जायचा. आधी हिरवी शेड. तिथे टाक्यांत मंद उजेड, बुडबुड्यांची हवा, वेळेवर खुराक. शेवाळ खाऊनपिऊन सुखी, हिरवंगार. मग लाल अंगण. तिथे त्याच शेवाळाला काचेच्या नळ्यांत भरून भर उन्हात उभं करायचं आणि खुराक बंद. उपाशी, उन्हाने भाजलेलं शेवाळ घाबरून स्वतःभोवती जाड साल करून घेतं आणि आतून लाल होत जातं. तो लाल रंग म्हणजे त्याचं उन्हापासूनचं पांघरूण आणि कारखान्याची रोजीरोटी. "माणसं सुखात लाल होतात, हे दुःखात होतं," असं पंपवाला नव्या माणसांना समजावून सांगायचा.

मामांची सगळी हयात हिरव्या शेडमध्ये गेली होती. टाक्या ढवळायच्या, खुराक घालायचा, बुडाला बसलेलं खरवडायचं. आडनाव वेगळंच होतं, पण ते पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. ढवळता ढवळता माणसाचे ढवळेमामा झाले आणि त्यांची बायको, जिला कारखान्यातल्या कुणी पाहिलंही नव्हतं, ती आपोआप मामी झाली.

मग लाल अंगणातले जुने आजोबा निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या चहाला प्रयोगशाळेच्या मॅडम उभ्या राहिल्या. मॅडम तशा कडक, पण माणसं धरून ठेवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आजोबांची जागा कुणाला द्यायची यावर मला विचारच करावा लागला नाही. मामा, पुढे या." लगेच टाळ्या. आजोबांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून मामांच्या डोक्यावर ठेवली. ती टोपी लाल आहे हे मामांना घरी गेल्यावर कळलं.

त्याच वेळी बोलायला हवं होतं, हे कुणीही म्हणेल. पण इतक्या वर्षांत मामांसाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. टाळ्या थांबेपर्यंत बोलता येईना आणि थांबल्यावर चहा आला. चहानंतर सगळे पाठीवर थाप मारून गेले. झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

घरी येऊन त्यांनी टोपी टेबलावर ठेवली आणि मामींना सगळं सांगितलं. मामी आधी खुर्चीवर बसल्या आणि मग हसून हसून त्यांचे डोळे पाण्याने भरले.

हसण्याचा हक्क त्यांचा होता, कारण जगात हे गुपित त्या एकट्यांनाच ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्या टकाटक लाल कपडे घालून समोर आल्या, तेव्हा नवरदेव प्रेमाने म्हणाले होते, "हिरवा रंग काय खुलतो गं तुला!" मामींना वाटलं, हा आपली टिंगल करतोय. तासभर रडल्या. मग डोळे पुसून स्वयंपाकघरातून एक पिकलेला आणि एक कच्चा टोमॅटो घेऊन आल्या आणि नवऱ्याची परीक्षा घेतली. नवरा नापास झाला, पण भांडण मिटलं. तेव्हापासून घरात टोमॅटो आणायचं काम मामींचं, शर्ट निवडायचं काम मामींचं आणि "ह्याचा रंग कुठला गं?" या प्रश्नाचं उत्तरही मामींचंच. एकही शब्द वाया न घालवता त्या सांगायच्या. त्या दोघांची ही अळीमिळी गुपचिळी इतकी मुरली होती, की आपल्यात काही कमी आहे हेच मामा विसरून गेले होते.

"त्यात काय एवढं," हसणं ओसरल्यावर मामी म्हणाल्या होत्या. "फोनमध्ये कॅमेरा कशाला दिलाय? तुम्ही फोटो पाठवा, मी सांगते."

आणि खरंच जमलं. मामींनी स्वतःचं मोजमाप ठरवलं. कच्ची, लाजलेली, विटकरी आणि पेटलेली. पेटली की काढायची. मामींचा शब्द आणि माल एक नंबर. महिन्याभरात मॅडम म्हणाल्या, "मामा, तुम्ही आजोबांच्याही पुढं गेलात." त्या दिवशी मामा घरी आले ते वाक्य तोंडात घोळवतच, आणि मामींना त्यांनी ते तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मामींनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

पंपवाल्याला मात्र शंका यायची. वेगळीच.

"मामा, रोज सकाळी सकाळी फोटो कुणाला धाडता हो? आणि वर हळू आवाजात बोलणं. ह्या वयात?"

"बायकोला."

"बायकोशी कुणी इतकं हळू बोलतं होय?"

असे चारेक महिने मजेत गेले. मामांची चाल बदलली, टोपी थोडी तिरकी बसू लागली. त्या आनंदात घरातल्या बारीकसारीक गोष्टींकडे त्यांचं लक्ष गेलं नाही, ही त्यांची चूकच म्हणायची. मामी म्हणू लागल्या, की हल्लीचे बल्ब काही खरे नाहीत, उजेडच पडत नाही. मामांनी जास्त ताकदीचे बल्ब आणून लावले. मामी म्हणाल्या, की पडदे विटले. मामांना पडद्यांतलं काय कळणार? "असतील," म्हणाले. एकदा कपाच्या बाहेर चहा ओतला गेला. मामी म्हणाल्या, किटलीची चोचच वाकडी आहे. मामांनी पक्कड घेऊन बिचारी चोच सरळ केली, आणि मग ती खरोखरच वाकडी झाली.

एका सकाळी मामांनी नेहमीसारखा फोटो पाठवला. मोठी मागणी आली होती, नळ्या सगळ्या भरलेल्या होत्या.

"मधल्या तिन्ही पेटल्या," मामी म्हणाल्या.

"तिन्ही? कालपर्यंत लाजलेल्या होत्या ना?"

"ऊन कडक पडलं असेल. पेटल्यात म्हणते ना मी."

मामांनी हुकूम दिला. पंपवाला त्या वेळी दुसऱ्या टोकाला एका पंपाच्या पोटात हात घालून बसला होता. त्याने तिथूनच तिन्ही कॉक एकदम उघडणारं बटण दाबलं. मामांची नजर म्हणजे नजर. वर कशाला बघायचं? तिन्ही नळ्या मोठ्या टबात ओतल्या गेल्या. पंपवाला हात पुसत आला आणि टबात डोकावून तसाच उभा राहिला.

"मामा, हे काय?"

"काय?"

"हे तर शेवाळीच आहे अजून. कडेला जरा तपकिरी झालंय इतकंच."

मामांनी टबात पाहिलं. त्यांना रोजच्यासारखंच मातकट पाणी दिसलं. त्यांची पाचावर धारण बसली. खाली सोडलेलं शेवाळ परत नळीत चढवता येत नाही. खालच्या पंपात त्याचा चिखल होतो. बातमी पसरायला वेळ लागला नाही. मॅडम स्वतः अंगणात आल्या. त्यांनी टबात पाहिलं, मग मामांकडे पाहिलं.

"तीन नळ्या, मामा," त्या म्हणाल्या. "मागणी तोंडावर आलीय आणि तीन नळ्या. तुम्हाला हे लाल दिसलं?"

अशा वेळी माणसाला नोकरीची भीती वाटते, लोकांच्या हसण्याची वाटते. मामांनाही ती वाटली, पण क्षणभरच. मग त्यांच्या मनात एकच गोष्ट आली आणि बाकीचं सगळं मागं पडलं. ती चुकली. आजवर जी कधी चुकली नव्हती ती चुकली. बल्ब, पडदे, किटली, एकामागून एक सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मला घरी जायचंय."

"मामा, मी काय विचारतेय?"

"उद्या सांगतो. सगळं सांगतो. आत्ता जाऊ द्या."

त्यांच्या तोंडाकडे बघून मॅडमनी पुढे काही विचारलं नाही. मामा फाटकापर्यंत गेले आणि तिथे त्यांना एक अडचण सुचली. बायकोचे डोळे तपासायचे, पण तपासणार कोण? तिच्यापुढे काहीही धरलं आणि तिने कुठलाही रंग सांगितला, तरी हे मान डोलावण्यापलीकडे काय करणार? ते तसेच मागे फिरले आणि त्यांनी पंपवाल्याचा हात धरला.

"गाडी काढ. मला तुझे डोळे पाहिजेत."

वाटेत गाडीवर मागे बसून मामांनी त्याला सगळं सांगितलं. लाल, हिरवा, टोमॅटो, फोटो. पंपवाला इतका हसला, की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. मग त्याने मागे वळून मामांकडे पाहिलं.

"म्हणजे मामी..."

"चल," मामा म्हणाले.

मामी खिडकीपाशी बसून शर्टाला बटण लावत होत्या. म्हणजे सुईत दोरा ओवत होत्या, आणि बहुधा बराच वेळ ओवत होत्या.

"अगंबाई, आज इतक्या लवकर? आणि हे कोण?"

"हा पंपवाला. ह्याचा शर्ट कुठल्या रंगाचा आहे?"

"काय हो हे! पाहुणा दारात उभा आणि..."

"रंग सांग."

मामींनी डोळे बारीक केले, मान थोडी तिरकी केली. "चॉकलेटी," त्या म्हणाल्या. पण आवाजात रोजचा तडफदारपणा नव्हता.

मामांनी पंपवाल्याकडे पाहिलं. पंपवाल्याने खाली स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं, जणू तो मधल्यामध्ये बदललाय का याची खात्री करून घेत होता.

"हिरवा आहे मामी," तो हळूच म्हणाला. "हिरवागार. बायकोनं आणलाय म्हणून घालतो, नाहीतर मी घातला नसता."

मामींनी सुई-दोरा डबीत ठेवला आणि डबी दोन्ही हातांत धरून बसल्या.

"आज चुकलं का काही?" त्यांनी विचारलं.

"तीन नळ्या."

"अरे देवा."

"नळ्या गेल्या खड्ड्यात. डोळ्यांना काय झालंय?"

"मोतीबिंदू आहे. दोन्हीकडं. शेजारच्या बाईंबरोबर जाऊन दाखवून आले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिकलाय, काढून घ्या, फार दिवस ठेवलात तर अवघड होईल."

"कधी दाखवलंस?"

"झाले की दोनेक महिने."

मामा सहसा आवाज चढवणारे नव्हेत. त्या दिवशी चढवला. "नळी पिकली की मला रोज सांगतेस, काढून घ्या, काढून घ्या! आणि स्वतःचं पिकलं ते लपवून ठेवलंस?"

"मग काय करू?" मामींचाही आवाज चढला. "काढायचं म्हणजे पट्टी आली. आठ दिवस, पंधरा दिवस, कोण जाणे किती. तेवढे दिवस तुम्ही काय केलं असतं? तिथे उभं राहून नळ्यांना विचारलं असतं, बाई गं, लाल झालीस का?"

"गेली असती नोकरी तर गेली असती!"

"नोकरीचं नाही हो." मामी थांबल्या. पंपवाला आहे म्हणून जरा संकोचल्या, पण बोलल्याच. "तुम्ही घरी येऊन सांगता, की आज मॅडम असं म्हणाल्या, आज हा तसं म्हणाला. तेव्हा तुमचं तोंड कसं होतं ते तुम्हाला नाही माहीत. इतकी वर्षं टाक्या ढवळल्यात, कुणी कधी शाबास म्हटलं नाही. ते तोंड मला अजून थोडे दिवस बघायचं होतं."

"आणि डोळे गेल्यावर कुठलं तोंड बघणार होतीस?"

मामा तिच्या शेजारी खाली बसले. त्यांचा राग एकदम संपला आणि त्याच्या खाली जे होतं ते वर आलं. बायकोचा हात धरून ते लहान मुलासारखे रडले. त्यांचं तिच्यावर इतकं प्रेम आहे हे दोघांनाही माहीत होतं, पण असं तिसऱ्या माणसासमोर उघडं पडलेलं पहिल्यांदाच.

"मी चहा टाकतो," तिसरा माणूस म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "मामी, ह्या किटलीला कुणी मारलंय का?"

दुसऱ्या दिवशी मामा मॅडमच्या खोलीत गेले. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही, साखर पेरली नाही.

मॅडम आधी चिडल्या. "पहिल्याच दिवशी का नाही बोललात? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"सगळे टाळ्या वाजवत होते, मॅडम."

मॅडमनी नजर खिडकीकडे वळवली. खिडकीबाहेर नळ्या उन्हात चमकत होत्या.

"मीपण विचारायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "सगळ्यांसमोर नाव घेऊन मोकळी झाले. पण मग मला एक सांगा, हे चार महिने नळ्या पास कोण करत होतं?"

"आमची ही. घरून."

"घरून?"

"स्वयंपाकघरातून. भांडी घासता घासता."

मॅडमनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो फसला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हसून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना माझा निरोप सांगा. ह्या अंगणाला इतकं चांगलं माणूस आजवर मिळालं नव्हतं. डोळे बरे झाले की मला त्यांना भेटायचंय."

टोपी पंपवाल्याकडे गेली. ती मामांनी स्वतः त्याच्या डोक्यावर ठेवली. त्यांना ते जड गेलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पंपवाला म्हणाला, "मामा, मला लाजल्यासारखं होतंय." मामा म्हणाले, "लाजलास म्हणजे अजून पेटायचा आहेस," आणि बादली उचलून हिरव्या शेडकडे वळले. टाक्या होत्या तिथेच होत्या. पहिल्या टाकीला खुराक घालताना त्यांच्या लक्षात आलं, की आज फोन खिशात आहे आणि तो काढायची गरज नाही. त्यांना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

ऑपरेशनच्या दिवशी मामांनी रजा काढली. मामी आत जाताना घाबरल्या होत्या, बाहेर बसलेले मामा त्यांच्यापेक्षा जास्त घाबरले होते. पण चहा संपायच्या आत डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"झालं. घेऊन जा घरी."

"पट्टी किती दिवस?" मामांनी विचारलं.

"पट्टी? उद्या सकाळी काढा."

मामा आणि मामी एकमेकांकडे बघत राहिले. मामींच्या बाबतीत हे बघणं एकाच डोळ्याचं होतं. एका दिवसाच्या पट्टीपायी दोन महिने हे सगळं रामायण झालं होतं. रिक्षात बसल्यावर आधी मामींना हसू फुटलं, मग मामांना, आणि रिक्षावाला आरशातून सारखा मागे बघत होता.

काही आठवड्यांनी दुसराही डोळा झाला. मग मामींनी घराची तपासणी सुरू केली. पडदे विटले नव्हते, मळले होते. ते धुवायला पडले. बल्ब बघून त्या ओरडल्या, "हे काय, लग्नाचा मांडव आहे का?" आणि मामांना शिडीवर चढवून सगळे उतरवले. मामा शिडीवरून खाली आले तेव्हा त्या त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"तुमचे केस इतके पांढरे कधी झाले हो?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा," मामा म्हणाले.

मॅडमनी निरोप धाडला आणि एका सकाळी मामी कारखान्यात आल्या. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. पंपवाला टोपी काढून सामोरा आला. "या मामी! एकदम सिनेमातल्या बाईसारख्या दिसताय," तो म्हणाला. मॅडमनी मामींचा हात हातात घेतला. "आज तुम्ही सांगायचं," त्या म्हणाल्या. "फोटो नाही, फोन नाही. चला."

मामांना हिरव्या शेडमधून बोलावून घेतलं. ते ओले हात पुसत आले आणि मामींच्या शेजारी उभे राहिले. लाल अंगणात उन्हं चांगली वर आली होती. नळ्या ओळीने उभ्या होत्या. मामींनी काळा चष्मा काढला.

ज्या बाईकडे प्रत्येक छटेला शब्द होता, तिला शब्द सुचेना. फोनच्या एवढ्याशा काचेत बघून विटकरी, लाजलेली, पेटलेली म्हणत आली होती ती. पण ते फोनातलं होतं आणि शेवटी शेवटी तर धुरकटलेल्या डोळ्यांनी पाहिलेलं. हे समोर माणसाच्या दुप्पट उंचीचं होतं. मॅडम थांबल्या. पंपवालाही कधी नव्हे तो थांबला.

"कशा आहेत?" मॅडमनी विचारलं.

"पेटल्यात," मामी म्हणाल्या, पण अगदी हळू. मग त्या मामांकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते. "अहो, हे तुम्हाला कधीच दिसलं नाही?"

"नाही," मामा म्हणाले.

"मी आपली भाजीचं नाव सांगावं तसं सांगत आले. लाल आहे, हिरवं आहे. इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही, की तुम्हाला काय दिसतं."

"त्यात काय विचारायचं?"

"आता विचारतेय. काय दिसतं तुम्हाला?"

असं त्यांना कुणीच कधी विचारलं नव्हतं. मामांनी नळीकडे नीट पाहिलं. खूप वेळ पाहिलं, कारण उत्तर बरोबर यायला हवं होतं.

"ऊन दिसतं," ते म्हणाले. "वरून आत शिरतं आणि खाली जाता जाता दाट होत जातं. बुडबुडे दिसतात. एक मोठा आला की मागून बारीक बारीक येतात. आणि काचेत तू दिसतेस. मागं मी आहे."

मामींनी नळीकडे पाहिलं. आता त्यांनाही दिसलं. त्या काचेच्या जरा जवळ गेल्या आणि हाताने कानावरचे केस सारखे करू लागल्या.

"काढू का खाली?" पंपवाल्याने कॉकवर हात ठेवत विचारलं.

"थांब जरा," मामा म्हणाले. "तिचं होऊ दे."